बॅटरीवरचा लॉन मोवर अर्ध्यातच थांबतो. बॅटरी गेली का?

मये_डिचोली:
नमस्कार मंडळी. घर गोव्यात मयेला, अंगणापुढे साधारण दीडशे चौरस मीटर मेक्सिकन लॉन आहे. गेल्या वर्षी ४० व्होल्ट, ४ एएचवाला (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) मोवर घेतला. उन्हाळ्यात एका चार्जमध्ये सगळं लॉन व्हायचं, वर बॅटरी उरायची. आता गणपतीची चवथ तोंडावर आली, पाहुणे यायचे, म्हणून उघडीप बघून मशीन काढलं तर अर्ध्यातच थांबतं. बॅटरीवरचे दिवे मिणमिणतात. थोडा वेळ ठेवलं की परत चालू होतं. दुकानदार सरळ नवी बॅटरी घ्या म्हणतो, आणि तिची किंमत मशीनच्या निम्म्याला जाते. दुसरं म्हणजे, सासरे मशीन आडवं पाडून खाली अडकलेलं गवत हातानंच ओढतात. मला बघवत नाही. पण त्यांना सांगणार कोण?

फोंड्याचा_फिटर:
ताई, बॅटरी लगेच घेऊ नका. मी खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये होतो, खाणी बंद पडल्यावर आता ग्रास कटर, मोवर हेच बघतो. श्रावण-भाद्रपदात माझ्याकडे बॅटरी गेली म्हणून जी मशीनं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांची बॅटरी धडधाकट असते.

हिशेब बघा. डब्यावर ४० व्होल्ट लिहितात, पण आत दहा सेल ओळीनं असतात आणि सरासरी ३६ व्होल्टच धरायचे. ३६ गुणिले ४ म्हणजे १४४ वॉट-अवर, एवढीच तुमची शिदोरी. सुक्या, बुटक्या गवतात मोटर समजा ४०० वॉट घेते, तर वीसेक मिनिटं मिळतात. ओल्या, घोट्यापर्यंत वाढलेल्या गवतात तीच मोटर ८०० घेते आणि दहाएक मिनिटांत खेळ खलास. त्यात सेल तापले किंवा करंट फार ओढला गेला की आतलं सर्किट स्वतःच बंद करतं. थोड्या विश्रांतीनं परत चालू होतं म्हणजे हेच असणार, असं मला वाटतं.

खात्री करायची तर बॅटरी पूर्ण चार्ज करा, थंड होऊ द्या, कटिंगची उंची सगळ्यात वर ठेवा आणि एखाद्या सुक्या, विरळ पट्ट्यावर चालवा. तिथे पूर्वीसारखी टिकली तर बॅटरी ठीक. तिथेही लवकर बसली तर एखादा सेल मागे पडलाय, मग दुकानदाराचं ऐका. वॉरंटीचा कागद मात्र आधी काढून बघा.

आता पातं. पावसात आपल्याकडे चिऱ्याची बारीक खडी वर येते आणि पात्याची धार खाते. कापलेल्या गवताचं टोक बघा. सरळ कापलेलं असेल तर बरं, फाटून पांढुरकं झालं असेल तर पातं बोथट. बोथट पातं करंट जास्त ओढतं, म्हणजे दोष पात्याचा आणि शिव्या बॅटरीला. काढताना सेफ्टी की (ही नसली की मोटर चालूच होत नाही) बाहेर, बॅटरीही बाहेर, दोन्ही नेऊन पायरीवर ठेवायच्या. जाड हातमोजे घाला. पातं फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवा, खालची बाजू कुठली ते खडूनं लिहा, मग पाना लावा. कानशीनं मूळ कोनातच घासा, सुरीसारखं पाजळू नका. मग मधल्या भोकातून खिळ्यावर टांगा. जी बाजू खाली जाईल ती जड, तिथं आणखी घासा. तोल नसेल तर मशीन थरथरतं आणि मोटरचं बेअरिंग जातं. चीर गेलेलं किंवा वाकलेलं पातं ठोकून सरळ करायचं नाही, ते भंगारात. नट परत बसवताना पुस्तकात दिलाय तेवढाच आवळा.

सासऱ्यांचं म्हणाल तर, पेट्रोलचं मशीन चालू आहे हे कानाला कळतं. हे उभं असताना मुकं असतं, लिव्हर दाबला गेला की पातं फिरलंच. त्यांना ‘हात घालू नका’ म्हणून उपयोग नाही, मोठी माणसं ऐकत नाहीत. लॉन कापून झालं की सेफ्टी की तुमच्याच खिशात ठेवा. आतलं गवत लाकडी उलथन्यानं खरवडा. पाइपानं पाणी मारायचं नाही, मशीनवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी ते शिंतोड्यांपुरतं. आणि लिव्हर सोडल्यावर पातं तीनेक सेकंदांत थांबलं पाहिजे. न थांबल्यास मशीन वापरू नका.

वाळपईची_बागवाली:
फिटरदादांनी मशीनचं सांगितलं, मी अंगणाचं सांगते. आधी लॉनवर एक फेरी मारा: चुडतं, करवंट्या, पोरांचे चेंडू, चिऱ्याचे तुकडे उचला. पात्याखालून उडालेला खडा पायाला लागला तर हाड दुखावतं, म्हणून पोरं घरात आणि पायात बूट, चपला नाहीत. कंपाउंडच्या भेगांत फुरसं असू शकतं, तिथे हात घालण्याआधी काठी फिरवा. उंची एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कमी करू नका. फार वाढलं असेल तर आज वरवर, चार दिवसांनी खाली. दुपारी बारानंतर, दव आणि सरीचं पाणी सुकल्यावरच चालवा. बॅटरी बाल्कनीत चार्ज करता का? तिथे पावसाचे तुषारही येतात आणि ऊनही.

मडगाव_रायडर:
एवढी कटकट कशाला? जुन्या बॅटरीत सेल बदलून देणारे आहेत, निम्म्या पैशांत.

फोंड्याचा_फिटर:
पात्रांव, मी ते करत नाही आणि कोणाला सांगतही नाही. सेल एकसारखे नसतील तर एक जास्त भरतो, दुसरा उपाशी, आणि जास्त भरलेला पेटतो. ही आग भांडंभर पाण्यानं विझत नाही. बॅटरी फुगली, गोड-उग्र वास आला किंवा आदळून तडा गेला तर चार्जरला लावू नका, घराबाहेर मोकळ्यावर ठेवा. ती सुक्या कचऱ्यातही टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, दुकानात नेऊन द्या.

ताई, बागवाली बरोबर म्हणते. चार्जिंग घरात, फरशीवर, डोळ्यांसमोर. मशीन थांबल्यावर बॅटरी गरम असते, अर्धा तास थंड करून मगच चार्जरला लावा. ४५ अंशांच्या वर चार्ज केली तर आयुष्य घटतं. विजा चमकायला लागल्या की प्लग काढा. काही आठवडे मशीन वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून कपाटात ठेवा, पूर्ण रिकामी करून नाही.

मये_डिचोली:
देव बरें करूं. टोकं फाटलेलीच निघाली, पातं घासून घेते. घरामागे उतार आहे, तिथेही हाच चालेल?

फोंड्याचा_फिटर:
सौम्य असेल तर आडवा चालवा, वर-खाली नाही. वर चढताना पाय घसरला तर मशीन अंगावर येतं, खाली येताना घसरला तर पाय मशीनखाली जातो. ओला असेल तर सोडून द्या, तिथे कोयता किंवा ग्रास कटर.