‘हाकणे’, ‘हाकलणे’ की ‘हाका’?

वेचणी:
पिकं आणि पक्षी यांवरची एक पुस्तिका शेतकऱ्यांसाठी मराठीत आणतेय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘हंटिंग’च्या व्याख्येत मारणं, विष घालणं, सापळा लावणं यांच्या जोडीला ‘ड्रायव्हिंग’ही आहे. तसा प्रयत्न, पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं, हेसुद्धा. मी ‘हाकलणे’ लिहिलं. मसुदा वाचून एका शेतकऱ्याने विचारलं, “म्हणजे ज्वारीवरचे राघू हाकलले तरी गुन्हा?” काय लिहू?

माळ्यावरचा:
‘हाकलणे’ अजिबात नको. हाकलणं म्हणजे आपल्यापासून दूर घालवणं. शिकारीत जनावर बंदुकीच्या दिशेने आणतात, तो हाका. ‘रान उठवणं’ तिथलंच. ज्वारी चिकात आली की मी शाळा बुडवून माळ्यावर, म्हणजे शेतातल्या राखणीच्या मचाणावर. राघू कणसाचा तुकडा तोडून पायात धरतो, चार दाणे फोडतो, बाकीचं खाली टाकतो. रिकाम्या गोफणीचा नुसता फटकारा वाजला की अख्खा थवा उठायचा. याला राखण म्हणतात. शिकार हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

शब्दवेडा:
‘हाका’ पटलं. पण ‘शिकार’ फारसी. आपल्याकडे ‘पारध’ आहे की! संस्कृत पापर्द्धि, प्राकृत पारद्धि, मग पारध. शब्दातच पाप आहे. संरक्षणाच्या कायद्याला याहून नेमका शब्द कुठला?

जोंधळी:
शिकार कधीच मराठी झाली. ज्याला कायदा पाळायचाय त्याला तो कळू दे. शिवाय पारध म्हटलं की पारधी समाज डोळ्यांपुढे येतो. अख्ख्या जमातीला जन्मजात गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा डाग त्यांनी पुरेसा सोसलाय, त्यांचं नाव पुन्हा गुन्ह्याच्या व्याख्येत कशाला?

शब्दवेडा:
नाव शब्दावरून पडलं, यात शब्दाचा काय दोष?

वेचणी:
‘व्हर्मिन’ला, म्हणजे नासाडी करणारे म्हणून ज्यांना संरक्षण नाही अशा प्राण्यांना, तरी शब्द सुचवा. ‘उपद्रवी’ की ‘पीडक’? कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे त्यांच्या यादीत, कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं होती. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली, पण कलम ६२ खाली तसं जाहीर करण्याचा केंद्राचा अधिकार राहिलाय.

माळ्यावरचा:
नांगरामागे चालत हुमणीच्या अळ्या वेचणाऱ्या कावळ्याला उपद्रवी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भुईमूग उकरणारा मोर मात्र पहिल्या अनुसूचीत, त्याला हात लावायचा नाही. नासाडी कोण करतं आणि यादीत कोण असतं, याचा मेळ बसत नाही.

जोंधळी:
‘हाका’बद्दल राहिलंच. आमच्याकडे पाखरं उठवायला जी आरोळी देतात तिलाच ‘हाकारा’ म्हणतात. आजी बांधावरून ओरडायची, “पोरांनो, हाकारा द्या, राघू बसले!”