मदत हवी आहे: आइस मशीनचा बर्फ सुटत नाही, मिस्त्री म्हणतो गॅस भरा

रसवंती_लातूर

नमस्कार मंडळी. लातूरला मी आणि माझी जाऊ ज्यूस सेंटर चालवतो. आधी बाहेरून बर्फाची लादी यायची. 2018 साली खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा करायचा नियम आला, तेव्हापासून गिऱ्हाईक "बर्फ कुठला?" म्हणून विचारायला लागलं. म्हणून क्यूब पाडणारं मशीन घेतलं. कागदावर ते दिवसाला 100 किलोचं आहे. एप्रिल लागल्यापासून निम्मासुद्धा बर्फ मिळत नाही.

काय होतंय ते सांगते. खडे पांढरट आणि ठिसूळ येतात. प्लेटवर बर्फ धरतो, पण वेळेवर खाली पडत नाही. त्यावरच दुसरा थर चढतो आणि मशीन लाल दिवा लावून बंद पडतं. शिवाय प्लेटवर डावीकडे दोन-तीन उभ्या पट्ट्या कोऱ्याच राहतात. पाणी बोअरचं आहे, पाणी मऊ करणारा सॉफ्टनर लावलाय, तरी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर 1100 दाखवतो. मशीन मागच्या बोळात भिंतीला लागून ठेवलंय, शेजारी डीप फ्रीजर आहे.

मिस्त्री आला, पाच मिनिटं पाहून म्हणाला गॅस कमी झालाय, भरून देतो. आकडा मोठा सांगितलाय. ऐन सीझन आहे, दुकान बर्फावरच चालतं. खरंच गॅसचं काम असेल का? जाणकारांनी कृपया सांगा.

थंडयंत्र_पुणे

ताई, आत्ता गॅस भरू नका. मी हॉटेल लाइनमध्ये कूलिंगचीच कामं करतो. मशीनमधला गॅस बंद नळीत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. गळती न शोधता नुसता भरला तर तोही जाणार.

तुम्ही उभ्या पट्ट्यांचं लिहिलंत ते फार कामाचं आहे. पंप तळच्या कुंडातलं पाणी वर चढवतो, तिथे भोकं पाडलेली आडवी नळी असते, तिच्यातून पाणी प्लेटवर सारखं पसरतं. भोक क्षाराने बुजलं की त्याच्या खालची पट्टी कोरडी, तिथे बर्फ कुठून धरणार? गॅस कमी असता तर बहुतेक मशीनमध्ये उभी पट्टी दिसत नाही. प्लेटचा वरचा किंवा खालचा अख्खा भाग पातळ राहतो, कारण मागची गॅसची नळी आडवी वळत जाते.

न सुटण्याचंही बघू. बर्फ पाडायच्या वेळी हॉट गॅस व्हॉल्व्ह उघडतो आणि गरम गॅस प्लेटच्या मागून फिरतो. त्या वेळी प्लेटकडे जाणारी नळी जपून हाताने पाहा. गरम लागली तर व्हॉल्व्ह उघडतोय. गारच राहिली तर व्हॉल्व्ह किंवा त्याची कॉइल बघावी लागेल. आणि बर्फ धरत असताना तीच नळी व्हॉल्व्हच्या पुढे गरम लागली तर व्हॉल्व्ह गळतोय. हे उद्या बघून इथे लिहा.

रसवंती_लातूर

दादा, पाहिलं. पाडायच्या वेळी नळी चांगलीच तापते, एरवी गार असते. प्लेटच्या खणांत बोट फिरवलं तर खरखरीत पांढरा थर लागतो. पण सॉफ्टनर असताना क्षार कसा?

थंडयंत्र_पुणे

मग व्हॉल्व्ह ठीक आहे. खरखरीत थरामुळे बर्फ खणाला धरून बसतो. गुळगुळीत प्लेटवर तो कडेने जरा वितळला की आपल्या वजनाने खाली येतो.

सॉफ्टनरला वेळेवर मीठ दिलं नाही, रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजा करणं) झालं नाही, तर कठीण पाणी तसंच पुढे जातं. आणि चालू असला तरी सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम देतो. म्हणून टीडीएस तेवढाच राहतो. पाणी गोठताना आधी शुद्ध पाणी धरतं आणि क्षार कुंडात मागे राहतात. एवढे क्षार असले की खडा पांढरट आणि ठिसूळ होणारच. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मानकात टीडीएस 500 पर्यंत चांगला, दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालेल असं आहे. म्हणजे टीडीएसपुरतं बघितलं तर दुसरं पाणी नसताना हे पिण्याला चालतं, पण मशीनला त्रास देतं.

किचनवाली_रत्नागिरी

ताई, साफ करताना एक गोष्ट कळकळीने सांगते. फरशीचं किंवा संडासचं अ‍ॅसिड आत अजिबात घालू नका. बऱ्याच मशीनची प्लेट तांब्याची, वर निकेलचा मुलामा असतो. तो उडाला की प्लेट गेली, आणि ते सुटलेले कण बर्फात येतील ते वेगळंच. डबीवर निकेलला चालतं असं लिहिलेला डीस्केलर (क्षार काढणारं औषध) घ्या.

आधी बर्फाची पेटी रिकामी करा, प्लेटवरचा बर्फ पडू द्या, मग क्लीन मोडवर फक्त पंप चालवून डीस्केलर फिरवा. ती भोकांची नळी, फ्लोट, बर्फाची जाडी ओळखणारी काडी हे काढून त्याच पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने घासा. स्वच्छ पाण्याने अनेकदा धुवा. त्यानंतरच सॅनिटायझर. डीस्केलर आणि क्लोरीनवालं सॅनिटायझर एकत्र येता कामा नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि तुमचा बोळ तर बंदिस्त दिसतोय. पहिले एक-दोन घाणे बर्फ टाकून द्या. प्लेटपुढच्या पडद्याच्या मागे गुलाबी किंवा काळा बुळबुळीत थर दिसला तर तोही पुसून काढा, लोकांच्या पोटात जायचा बर्फ आहे. आणि पेटीत गार करायला बाटल्या ठेवू नका.

थंडयंत्र_पुणे

ताईंनी अगदी बरोबर सांगितलंय. माझं जागेबद्दल राहिलं. 100 किलोचा आकडा कोणत्या तापमानाला मोजलाय ते माहितीपत्रकात बघा. ठळक आकडा बऱ्याचदा 21 अंश हवा आणि 10 अंश पाण्याचा असतो. अमेरिकेच्या एएचआरआय या कूलिंग यंत्रांच्या मानकात हवा 32 आणि पाणी 21 अंश धरतात. लातूरच्या मेमध्ये यातलं काहीच मिळत नाही. त्यातून तुमच्या बोळात फ्रीजरची गरम हवा मशीन ओढतंय. भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढा, फ्रीजर लांब करा, कंडेन्सरची (मशीनची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची) जाळी ब्रशने साफ करा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून थेट पाणी येत असेल तर टाकीवर सावली करा. दुपारी ते पाणी इतकं तापतं की मशीनचा बराच वेळ ते गार करण्यातच जातो.

रसवंती_लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं साफ केलं. नळीची कितीतरी भोकं गच्च होती. पट्ट्या गेल्या, बर्फ एका झटक्यात पडतोय, लाल दिवा पुन्हा आला नाही. जाऊबाईंनी टाकीवर शेडनेट बांधून घेतलंय. दुपारी उत्पादन अजून कमी आहे, सकाळी मात्र पेटी भरते. आता आरओ लावायचा विचार आहे. टीडीएस किती ठेवू?

थंडयंत्र_पुणे

जितका कमी तितका चांगला असं समजू नका. जाडी ओळखणारी काडी पाण्यातून वीज वाहते यावरच चालते. टीडीएस शून्याजवळ नेला तर तिला पाणी कळत नाही, बर्फ जाड होत राहतो. किमान किती हवा ते मॅन्युअलमध्ये बघा आणि आरओवाल्याकडून मिक्सिंगचा कॉक (थोडं न गाळलेलं पाणी मिसळणारा) बसवून घ्या. सॉफ्टनर काढू नका, आरओच्या आधी राहू दे, आरओची मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) टिकेल.

आणि पुढे कधी मिस्त्री गॅस म्हणालाच तर त्याला तीन गोष्टी विचारा: नायट्रोजन भरून गळती शोधणार का, व्हॅक्यूम करून नळीतली हवा काढणार का, आणि मशीनच्या पाटीवर ग्रॅममध्ये लिहिलंय तेवढाच गॅस काट्यावर मोजून भरणार का. तिन्हींना हो म्हणाला तरच काम द्या.