शब्दचर्चा: 'शॉट नॉइज'ला 'गोळीरव' चालेल का?

मसुदा: अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणामावरच्या (अतिथंड, प्रबळ चुंबकक्षेत्रातल्या नमुन्यात इलेक्ट्रॉनच्या अंशाएवढा भार असलेले कण दिसतात, तो) लेखात 'नॉइज'ला 'गोंगाट' लिहिलं होतं. तपासणीत ते खोडून 'रव' झालं आणि 'शॉट नॉइज'चं (विद्युतप्रवाह सुट्या कणांचा असल्यामुळे होणाऱ्या त्याच्या चढउतारांचं) 'गोळीरव'. चालेल?

निरुक्त: रव म्हणजे ध्वनी. इथे ऐकू येण्याजोगं काहीच नाही. 'गोळी' तर सपशेल चूक: जर्मन भौतिकशास्त्रज्ञ शॉट्कीचा १९१८ चा शब्द 'श्रोट', म्हणजे छर्रे. त्याच्या लेखाचा मथळाही 'प्रवाहातले उत्स्फूर्त चढउतार' अशाच अर्थाचा आहे. 'चढउतार' लिहा.

मिलिकेल्विन: चढउतार उष्णतेनेही होतात, अॅम्प्लिफायरही आपले घालतो, मग वेगळं कसं ओळखायचं? 'छर्रे' नेमका आहे. पत्र्यावरच्या आवाजावरून छर्रा केवढा ते कळतं, तसा या नॉइजवरून कणाचा विद्युतभार. १९९७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत आणि फ्रान्सच्या साक्लेत असाच इलेक्ट्रॉनच्या एक-तृतीयांश भार मोजला. नॉइज = २ × भार × नमुन्यातल्या अरुंद फटीपाशी मागे फिरलेला प्रवाह. १ नॅनोअँपिअरला पूर्ण इलेक्ट्रॉन धरला तर ३.२ × १०⁻²⁸ अँपिअर-वर्ग प्रति हर्ट्झ, तृतीयांश भाराला जेमतेम १.१ × १०⁻²⁸. ५० मिलिकेल्विनला व्होल्टेज २६ मायक्रोव्होल्टच्या बरंच वर न्यावं लागतं, नाहीतर उष्णतेचाच नॉइज मोजला जातो. मोजायचं मेगाहर्ट्झच्या आसपास, कारण खालच्या वारंवारतेला नमुन्याचा आणि अॅम्प्लिफायरचा मंद नॉइज वरचढ असतो. आणि फट फार आवळू नका; मग पूर्ण इलेक्ट्रॉनच पलीकडे जातात आणि भार १ येतो.

निरुक्त: सगळीकडे 'नॉइज'च ठेवायचं तर मराठी शब्द रुजणार कधी?

मिलिकेल्विन: मोजणाऱ्यांच्या तोंडी 'नॉइज'च आहे, तोही मराठीच.

वाचक: लेखात 'क्वासिपार्टिकल'ला (अनेक इलेक्ट्रॉन मिळून एका कणासारखे वागतात, त्याला) 'आभासी कण' आहे का? तो शब्द व्हर्च्युअल पार्टिकलसाठी आधीच वापरात आहे.

निरुक्त: 'कणकल्प' करा, 'ऋषिकल्प'सारखं.

मिलिकेल्विन: 'कल्प' म्हणजे किंचित उणा. हे उणे नाहीत, त्यांची सांख्यिकीसुद्धा (दोन कणांची अदलाबदल केली की काय होतं, तो गुण) मोजली आहे. २०२० मध्ये पॅरिसमध्ये विरळ कणांचे दोन झोत एका फटीवर आदळवून दोन्ही बाजूंच्या नॉइजचा सहसंबंध पाहिला. इलेक्ट्रॉनसारखे फर्मिऑन असते तर तो शून्य आला असता. आला ठळक ऋण.

वाचक: 'सांख्यिकी' वाचून लोकांना जनगणना आठवेल. 'अदलाबदल-गुण' का नको?

निरुक्त: बोस-आइन्स्टाइन सांख्यिकी पाठ्यपुस्तकांत रुळली आहे, ती कशाला मोडायची?

मसुदा: मग 'गोळीरव'चं काय करू?

वाचक: 'अदलाबदल'मध्ये कणांचा क्रमही येतो, 'सांख्यिकी'त येत नाही.