मदत हवी आहे: उभं राहून काम करण्यासाठी इलेक्ट्रिक टेबल

मंडळी, घरून काम करायला वर-खाली होणारं इलेक्ट्रिक टेबल घ्यायचंय. ते मी आणि बायको आलटून पालटून वापरणार. माझी उंची सहा फूट, तिची पाच.

खरी अडचण तिच्या उंचीची आहे. दोन टप्प्यांच्या पायांचं (म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचे पाय असलेलं) टेबल बहुधा ७० सेंमीच्या खाली जात नाही. तिला बसून टाइप करताना कोपर काटकोनात हवं, तर ६२-६३ सेंमीपर्यंत खाली यायला हवं. म्हणजे तीन टप्प्यांचे पायच बघावे लागतील ना? वर मला ११५ तरी लागेल.

तेवढ्या उंचीवर टेबल किती हलतं, हे वापरणाऱ्यांनी जरूर सांगा. माझे दोन्ही मॉनिटर एका क्लॅम्पवाल्या आर्मवर आहेत. टाइप करताना स्क्रीन थरथरली की डोळे शिणतात. दोन मोटरींमुळे डगमगणं कमी होतं, की त्या फक्त वजन आणि वेगासाठी? मला तरी पायांची जाडी आणि फ्रेमचं वजन जास्त महत्त्वाचं वाटतं.

मेमरीची बटणं (दोघांच्या उंच्या साठवून ठेवणारी) हवीतच. घरात लहान मूल आहे, त्यामुळे अडथळा लागताच थांबण्याची सोय खरंच भरवशाची असते का? आणि फक्त फ्रेम घेऊन वर २५ मिमीचा प्लायवूड कुणी बसवलाय का?