मदत हवी आहे: स्क्रम प्रोजेक्टचा खर्च बिझनेस केसमध्ये कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी. गोदामाच्या सॉफ्टवेअरसाठी बिझनेस केस, म्हणजे खर्चाच्या मंजुरीचा प्रस्ताव, लिहितेय. काम स्क्रम पद्धतीने, म्हणजे छोट्या ठराविक टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) होणार. टीम ७ जणांची, स्प्रिंट दोन आठवड्यांचा. पगार, लायसन्स, क्लाउड धरून स्प्रिंटमागे साधारण ६ लाख. बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, २४० स्टोरी पॉइंटचा (पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज). व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट, १८ धरली तर १४ स्प्रिंट, म्हणजे ८४ लाख. २५ धरली तर १० स्प्रिंट, ६० लाख. फायनान्सला मात्र एकच आकडा हवाय. मधला आकडा टाकायला मन धजत नाही, कारण टीम नवी आहे. दोन-तीन स्प्रिंट झाल्याशिवाय खरी व्हेलॉसिटी कळणारच नाही. ६० ते ८४ असं लिहून कुणाला मंजुरी मिळालीय का? की आधी तीन स्प्रिंटपुरते १८ लाखच मागू? आणि रिलीजनंतरची देखभाल याच केसमध्ये धरता का? सोमवारी बैठक आहे, कृपया सविस्तर सांगा.