क्षारपड रानातल्या प्लॉटवर घर बांधतोय, पायाच्या काँक्रीटला सल्फेटचा त्रास होईल का?

कृष्णाकाठ_मिरज:
नमस्कार मंडळी. मिरज तालुक्यात एनए प्लॉट घेतलाय, आधी तिथं वर्षानुवर्षं ऊस होता, पाणी पाजून पाजून रान क्षारपड झालं म्हणून मालकानं विकायला काढलं. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर येतो, चपलेखाली करकर वाजतो. शेजारचं घर फार जुनं नाही पण जमिनीपासून गुडघ्याएवढ्या पट्ट्यात प्लास्टर फुगून पडलंय आणि आतलं प्लिंथ बीमचं (जोत्याच्या तुळईचं) काँक्रीट नखानं खरवडलं तरी वाळू हातात येते. त्याच्याच खाली मातीत गाडलेला भाग मात्र बरा दिसतो, हे काय कळत नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ५३ ग्रेड सिमेंट वापरू, वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालू, काही होत नाही. एवढं पुरेल का? पाया अजून खणायचाय.

पाया_पक्का:
दादा, पाया खणायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. मी स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करतो, अशी रानं बघितली आहेत.

शेजाऱ्यांच्या प्लिंथचं आधी सांगतो. खालचं खारं पाणी काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, जमिनीच्या वर आलं की ऊन-वाऱ्यानं पाणी उडून जातं आणि क्षार आतच राहतो. त्यात सोडियम सल्फेट असेल तर ते कधी कोरडं, कधी पाणी धरून फुगलेलं, असं दिवसरात्रीच्या तापमानाबरोबर आणि दमटपणाबरोबर बदलत राहतं आणि प्रत्येक फेरीला पृष्ठभागाचा पापुद्रा सोडवतं. गाडलेला भाग कायम ओला, तिथं स्फटिक धरत नाहीत म्हणून तो बरा दिसतो. पण त्यावर निर्धास्त राहू नका, मातीखाली दुसरंच काम सावकाश चालू असतं. सल्फेट आत शिरून सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून जिप्सम करतं आणि ॲल्युमिनेटशी मिळून एट्रिंगाइट. एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक भरपूर पाणी धरतात, जागा मागतात, काँक्रीट आतून ताणलं जातं आणि आधी कडा-कोपरे तडकतात. मॅग्नेशियम सल्फेट असेल तर आणखी वाईट, ते वाळू-खडी धरून ठेवणाऱ्या सिमेंटच्या चिकीवरच घाला घालतं, काँक्रीट मऊ पडत जातं.

५३ ग्रेड म्हणजे फक्त २८ दिवसांची ताकद, सल्फेट सोसण्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. आधी पाया जिथं बसणार त्या खोलीची माती आणि खड्ड्यात लागलेलं पाणी लॅबला द्या, सल्फेट आणि क्लोराइड दोन्ही मागा. वरवरची माती देऊ नका.

बांधावरून:
एक भर घालतो, मी शेतकरी आहे. चोपण रान सुधारायला आम्ही जिप्सम टाकतो आणि जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेटच की. जुन्या मालकाला विचारून घ्या त्यानं कधी आणि किती टाकलं होतं.

पाया_पक्का:
हा मुद्दा लाखमोलाचा आहे, आमच्या लोकांच्या लक्षात येत नाही. जिप्सम पाण्यात फार विरघळत नाही, लिटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे एसओ३ (सल्फर ट्रायऑक्साइड, सल्फेट मोजायची एक रीत) च्या हिशेबात सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर. पाण्यात त्याहून जास्त निघालं तर समजायचं सोडियम किंवा मॅग्नेशियमचं सल्फेट आहे, आणि ते जास्त त्रासाचं.

दुबईकर_साइटवाला:
आखातात सबखा म्हणून खारवट जमीन असते, तिथं क्लोराइड आणि सल्फेट दोन्ही खच्चून. नवीन माणूस लगेच सल्फेट रेझिस्टिंग सिमेंट मागतो. पण त्यात सी३ए (सिमेंटमधलं एक ॲल्युमिनेट) मुद्दाम कमी ठेवलेलं असतं आणि क्लोराइडला थोडंफार बांधून ठेवायचं काम तेच सी३ए करतं, त्यामुळं सल्फेट सांभाळायला गेलं की सळई गंजते. आम्ही स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय ॲश (वीजकेंद्रातली कोळशाची राख) वालं सिमेंट घेतो आणि गाडलेल्या काँक्रीटला बाहेरून बिटुमेनचा मेम्ब्रेन (डांबरी पडदा) लावतो.

कृष्णाकाठ_मिरज:
रिपोर्ट आला. खड्ड्यातलं पाणी: सल्फेट ९५० आणि क्लोराइड १४०० मिलिग्रॅम प्रति लिटर. मातीचा यायचाय. प्लॉटवरच्या बोअरचंही दिलं होतं, जवळपास तेवढंच आलं. कॉन्ट्रॅक्टर त्याच बोअरचं पाणी काँक्रीटला वापरणार होता.

पाया_पक्का:
ते बोअर बंद, आधी टँकर ठरवा! लॅबनं आकडा एसओ४ (सल्फेट) मध्ये दिलाय, आपला आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) एसओ३ मध्ये बोलतो, म्हणून ०.८३ नं गुणा, साधारण ७९० येतं. काँक्रीटमध्ये घालायच्या पाण्याला मर्यादा ४०० ची आहे आणि आरसीसीसाठी (सळईच्या काँक्रीटसाठी) क्लोराइडची ५००, दोन्हीत बोअर नापास. क्युरिंगलाही ते मारू नका.

जमिनीतल्या पाण्याला मात्र वेगळा तक्ता आहे, त्यात लिटरला ०.३ ते १.२ ग्रॅम एसओ३ म्हणजे वर्ग २, तुम्ही तिथं बसता, पण मातीत जास्त निघालं तर वरचा वर्ग धरायचा. वर्ग २ ला पीपीसी (फ्लाय ॲशसारखा माल मिसळलेलं सिमेंट) किंवा स्लॅग सिमेंट चालतं, घनमीटरला किमान ३३० किलो आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.५० च्या आत. क्लोराइडही आहे म्हणून दुबईकरांचं मला पटतं, सल्फेट रेझिस्टिंगच्या मागं लागू नका. पाणी-सिमेंट प्रमाण मी स्वतः ०.४५ धरीन, त्याच आयएसमध्ये आक्रमक जमिनीतल्या आरसीसीला तेवढंच सांगितलंय आणि काँक्रीटच्या ताकदीची ग्रेड एम ३५. म्हणजे ५० किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर पाणी, त्यात ओल्या वाळूतलं पाणीही मोजायचं. गवंडी म्हणेल माल घट्ट आहे, ओतला जात नाही, तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं केमिकल) घाला पण पाइप सोडू देऊ नका, सल्फेटला आत शिरायला वाट त्या जादा पाण्यामुळंच होते. फुटिंगला कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) किमान ५० मिमी, खाली पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), पीपीसी आहे तर क्युरिंग किमान १० दिवस.

शेजाऱ्यांसारखं होऊ नये म्हणून प्लिंथवर डीपीसी (ओल अडवणारा थर) सलग घ्या, बाहेरचं प्लास्टर डीपीसीच्या वरून थेट मातीपर्यंत उतरवू नका, नाहीतर पाणी प्लास्टरमधूनच वर चढतं. आणि प्लॉटच्या कडेनं चर काढून पाणी बाहेर नेता आलं तर बघा.

कृष्णाकाठ_मिरज:
मनापासून आभार. टँकरचं आजच बोलतो. चर काढायला जागा आहे, फक्त पलीकडच्या रानवाल्याला विचारावं लागेल. मातीचा रिपोर्ट आला की इथंच टाकतो, तोवर खोदाई थांबवलीय.