मदत हवी आहे: अंटार्क्टिकाच्या नकाशात प्रिड्झ बेचा किनारा कुठे दाखवू?

नमस्कार मंडळी,
नाशिकरोडला मुलांसाठी भिंतीवर अंटार्क्टिकाचा मोठा नकाशा रंगवतोय. आपल्या नाशिकच्या रेखावृत्तावरून (साधारण ७३.८ अंश पूर्व) सरळ दक्षिणेला निघालं, की गोवा आणि हिंदी महासागर ओलांडून आपण थेट प्रिड्झ बेमध्ये पोहोचतो! भारताचं 'भारती' केंद्रही २०१२ पासून याच उपसागराकाठी, लार्समन टेकड्यांवर आहे. म्हणून एवढा भाग तरी चोख उतरायलाच हवा.

अडचण किनाऱ्याची आहे. उपसागराच्या आतल्या बाजूला अमेरी आइस शेल्फ आहे, म्हणजे लॅम्बर्ट हिमनदीचा सरकत येऊन समुद्रावर तरंगणारा जाड बर्फ. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याचा सुमारे १,६३६ चौ. किमीचा तुकडा तुटला, आपल्या जिल्ह्याच्या जवळपास दहाव्या हिश्शाएवढा. माझ्याकडच्या ॲटलासात कड त्याआधीची आहे. मग बर्फाची आजची कड काढू, की बर्फ जमीन सोडून तरंगायला लागतो ती रेषा? माझं मत, दोन्ही दाखवाव्यात, तरंगता भाग फिकट निळा.

नावांची माहितीही बाजूला लिहितोय: ओलाफ प्रिड्झ हे नॉर्वेतल्या, देवमाशांची शिकार करणाऱ्यांच्या विमा संस्थेचे व्यवस्थापक. पूर्वेकडचा किनारा इंग्रिड क्रिस्टेन्सन यांच्या नावाचा, त्या जहाजमालक लार्स क्रिस्टेन्सन यांच्या पत्नी.

२०१९ नंतरचा नकाशा किंवा उपग्रहचित्र कुठे मिळेल? आणि 'भारती'वर राहून आलेलं कुणी ओळखीचं असेल तर कृपया कळवा, मुलांशी तासभर बोलले तर फार बरं होईल. रविवारी रेषा आखायला घेतोय.